नाव विचारलं तर गप्प, गुन्हा विचारला तर ‘हां साब’

सकाळी ६:४०

तव्यावर पहिलं घावन टाकलं आणि सुभेदारकाकांचा फोन आला. निवृत्तीनंतर ते दुपारचे आमच्या वकिलीच्या ऑफिसात येऊन बसतात. फौजेचे कागद त्यांच्याशिवाय माझ्याच्यानं पुढे सरकत नाहीत. मोती तलावाला फेऱ्या मारता मारताच ते बोलत होते, मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“मॅडम, पोराच्या हातात चार्जशीट दिली. काल संध्याकाळी. समरी होणार.”

समरी म्हणजे समरी कोर्ट मार्शल. पोर म्हणजे आंबोली घाटाच्या बाजूच्या एका वाडीतला शिपाई. त्याचं गाव, युनिट, वय मी इथे लिहीत नाही आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदललेत. रजेवर आला, रजा संपली, परत गेला नाही. फौजेच्या बोलीत ‘ओएसएल’. कमांडिंग ऑफिसरनं पोलिसांना लिहिलं. तीस दिवस उलटल्यावर आर्मी ॲक्टच्या कलम १०६ प्रमाणे युनिटमध्ये गैरहजेरीची चौकशी बसली. एके दिवशी पोलीस दारात आले आणि तो काही न बोलता त्यांच्याबरोबर गेला. घरच्यांना सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. भांडला असता, रडला असता, तर बरं वाटलं असतं म्हणे.

मी पहिलं विचारलं, “युनिट फील्डला की पीसला?”

“पीस.”

बरं झालं. पीस म्हणजे शांततेतली छावणी, सक्रिय सेवा नाही. आरोप हातात पडल्यापासून खटला सुरू होईपर्यंत आर्मी रूल्सच्या नियम ३४ प्रमाणे आरोपीला किमान ९६ तास मिळतात. ‘सक्रिय सेवेत’ असला तर फक्त २४. आणि सीमेलगतच्या बऱ्याच भागांतले जवान केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं सक्रिय सेवेत धरले जातात. काल सोमवार. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे. घावन करपलं.

सकाळी ८:३०

घरीच फाइल उघडली. कोर्टात आज दुसरं प्रकरण आहे, पण डोकं यातच अडकलंय.

आर्मी ॲक्ट १९५० सालचा. त्यातलं कलम १४५ म्हणतं की, कोर्ट मार्शल चालू असताना आरोपी मनाच्या अस्वास्थ्यामुळे स्वतःचा बचाव करायला असमर्थ आहे असं कोर्टाला दिसलं, तर कोर्टानं तसा निष्कर्ष नोंदवायचा. त्याच वाक्यात दुसरीही गोष्ट आहे: कृत्य त्यानंच केलं, पण करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत नव्हतं. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात, वकीलही करतात. पहिला प्रश्न आजचा आहे: समोर उभा असलेल्या माणसाला हा खटला समजतोय का? दुसरा त्या दिवसाचा आहे. एखादा त्या दिवशी पूर्ण शुद्धीत असेल आणि आज नसेल. उलटंही असेल. आजचा प्रश्न सुटल्याशिवाय त्या दिवसाच्या प्रश्नाला हातच घालता येत नाही.

आमच्या शिपायाच्या बाबतीत मला दोन्ही दिवसांची शंका आहे. पण शुक्रवारच्या आत पहिलाच मांडता येईल.

खरा पेच वेगळा आहे. ‘कोर्टाला दिसलं तर’ असं कायदा म्हणतो. समरीत कोर्ट कोण? एकटा कमांडिंग ऑफिसर. कलम ११६ प्रमाणे आणखी दोन जण बसतात, अधिकारी किंवा जेसीओ, पण ते शपथेवर नसतात आणि त्यांना मत नसतं. ज्याच्या युनिटमधून माणूस गैरहजर राहिला, ज्यानं पोलिसांना लिहिलं, त्यानंच निवाडाही करायचा. हा अधिकारी वाईट असतो असं मी म्हणत नाही. सुभेदारकाका तर म्हणतात की, चांगला सीओ आपल्या जवानाला आईबापापेक्षा जास्त ओळखतो. असेलही. पण आपल्या हाताखालचा माणूस कामचुकार आहे की आजारी, हे ठरवताना इतक्या जवळून पाहणाऱ्याला उलट दिसायचं राहून जातं, असं माझं मत आहे.

सकाळी ११:००

कोर्ट. पुकारा झाला. आज माझ्याकडे एका चोरीच्या आरोपाचा माणूस आहे. मॅजिस्ट्रेटनी नाव विचारलं, त्यानं गावातल्या देवस्थानाचं नाव सांगितलं. वय विचारलं, तो हसला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज पुढे केला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ३६७ ते ३७८ हे अख्खं प्रकरण अशाच आरोपींसाठी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तीच कलमं ३२८ ते ३३९ होती. मॅजिस्ट्रेटनं चौकशी करायची, सिव्हिल सर्जनकडे पाठवायचं, त्यानं मानसोपचारतज्ज्ञाकडे. तज्ज्ञाचं म्हणणं पटलं नाही तर वैद्यकीय मंडळाकडे अपील. शेवटी माणूस जामिनावर घरी जाऊ शकतो किंवा उपचाराच्या ठिकाणी. आमच्याकडे ते ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८८६ सालचं.

सगळं चोख चालतं असं नाही. तारखा पडतात, पोलीस बंदोबस्त मिळत नाही, गाडी नसते. पण निदान निर्णय देणारा माणूस आणि तक्रार करणारा माणूस वेगळे असतात, आणि कोर्टरूममध्ये कुणीही बसून पाहू शकतो. आज मागच्या बाकावर आरोपीची बहीण बसली होती. साहेबांनी तिलाही चार प्रश्न विचारले. तिनं जे सांगितलं ते कुठल्या रिपोर्टमध्ये आलं नसतं.

पुढची तारीख घेतली.

दुपारी १:४५

बार रूम. डबा. माझी ज्युनिअर मोबाइलवर ग्वांतानामोची बातमी काढून बसली होती. सकाळी मी तिला फाइल दिली, त्यामुळे ती शोधत होती. ९/११च्या खटल्यातला एक आरोपी, रम्झी बिन अल-शिभ. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी लष्करी न्यायाधीशांनी तो खटल्याला उभा राहण्यास असमर्थ आहे असं ठरवलं आणि त्याला इतर आरोपींपासून वेगळं काढलं. पहारेकरी मुद्दाम आवाज करतात, कोठडी हादरवतात, झोपू देत नाहीत, अशी त्याची वर्षानुवर्षं तक्रार होती. वैद्यकीय मंडळानं तो भ्रम असल्याचं सांगितलं. त्याआधी तो सीआयएच्या गुप्त कैदेत राहून आला होता, हेही विसरू नये.

“मॅडम, पण सोंग असेल तर?”

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, म्हणून मी तिला हेसची गोष्ट सांगितली. न्युरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणात रुडॉल्फ हेसला काही आठवत नव्हतं म्हणे. डॉक्टरांनी तपासलं, त्यांच्या अहवालांवर वाद झाला आणि ३० नोव्हेंबर १९४५ ला हेस स्वतःच उभा राहून म्हणाला, स्मृतिभ्रंशाचं मी सोंग केलं होतं. दुसऱ्या दिवशी न्यायाधिकरणानं त्याला खटल्यास योग्य ठरवलं. त्याच न्यायाधिकरणानं म्हाताऱ्या गुस्ताव क्रुपचा खटला मात्र तब्येतीमुळे पुढे ढकलला आणि तो कधी चाललाच नाही. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात ३ मे १९४६ ला शुमेई ओकावा या आरोपीनं भर न्यायालयात पुढे बसलेल्या सहआरोपी तोजोच्या टकलावर चापट मारली. त्याला असमर्थ ठरवलं, रुग्णालयात ठेवलं, १९४८ मध्ये खटल्याविना सोडलं. रुग्णालयात त्यानं कुराणाचं जपानी भाषांतर केलं. तो खरंच आजारी होता की नाही, यावर अजून लोक वाद घालतात.

“म्हणजे सोंग करणारे असतात.”

“असतात. म्हणून तर तज्ज्ञाकडे पाठवायचं.”

आमच्या फौजेत तर सोंगाचं वेगळं कलमच आहे. आर्मी ॲक्टचं ४६, आजाराचं ढोंग करणं हा गुन्हा. त्यामुळे खरोखर आजारी असलेला शिपाई दोन कलमांच्या मध्ये सापडतो. आजार सांगितला नाही तर ३९, रजेपेक्षा जास्त राहिला. सांगितला आणि कुणाचा विश्वास बसला नाही तर ४६. सुभेदारकाका सांगतात की, बराकीत असल्या माणसाबद्दल पहिला शब्द कानावर येतो तो ‘नाटक’.

दुपारी ३:००

आईबाप आले. एसटीनं आले, बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि पदर डोक्यावरून खाली घेतलाच नाही.

“बाय, तेणां चोरी नाय केल्यान, मारामारी नाय केल्यान. घराकडेच बसलेलो,” बाप म्हणाला.

“रातचो उठान परड्यात जाय नि उबो रव,” आई म्हणाली. “इचारला तर म्हणा, वायरलेसवर माझा नाव घेतत.”

मी लिहीत गेले. कधीपासून? चतुर्थीला आला तेव्हापासून. जेवत होता? कुणी वाढलं तर. नाव विचारलं तर? कधी सांगायचा, कधी गप्प. पोलिसांनी विचारलं, तू अमुक ना, तर ‘हां साब’. तुझी रजा संपली ना? ‘हां साब’.

या ‘हां साब’पुढे माझं पेन थांबलं, कारण शुक्रवारी नेमकं हेच होणार आहे. समरीत आरोप वाचून दाखवतील, कबूल आहे का विचारतील आणि तो म्हणेल, ‘हां साब’. नियम ११५ प्रमाणे गुन्हा कबूल करणाऱ्याला आरोप समजलाय का, कबुलीचा परिणाम कळतोय का, याची खात्री कोर्टानं करून घ्यायची असते आणि कबूल करायला नको होतं असं दिसलं तर कबुली मागे घे म्हणून सांगायचं असतं. कागदावर हे लिहिलेलं असतं. छापील वाक्याखाली सही होते. आणि कबूल झालं की साक्षीपुराव्याचं काही उरत नाही.

कागद पाहिले. सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयाची एक चिठ्ठी, झोपेच्या गोळ्यांची. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचा एक केसपेपर, तारीख रजा संपण्याच्या आधीची. हा कागद म्हणजे सोनं. तिथल्या डॉक्टरांनी दाखल करून घ्यायला सांगितलं होतं. मग का नाही केलं?

बाप जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, आधी देवाकडे गाऱ्हाणं घातलं, पाषाणाला कौल लावला, त्यात दिवस गेले. मी त्याला काही बोलले नाही. आमच्याकडे घरात असं काही आलं की लोक देवाकडेच आधी जातात आणि तिथे त्यांना धीरही मिळतो. फक्त गाऱ्हाण्याची पावती नसते, आणि कोर्ट मार्शलला तारखेचा कागद लागतो.

“युनिटला कळवलं होतं?”

“थोरल्यान फोन केलेलो. खयच्या तरी सायबाक.”

कोणत्या साहेबाला, कोणत्या दिवशी, काही नाही. थोरल्याच्या मोबाइलमध्ये कॉलची नोंद सापडते का, ते त्याला आजच बघायला सांगितलं. कारण कलम ३९ मध्ये नुसतं ‘रजेपेक्षा जास्त राहिला’ असं नाही, ‘पुरेशा कारणाशिवाय’ राहिला असं आहे. आजार हे पुरेसं कारण आहे. फक्त ते वेळेवर कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असावं लागतं.

संध्याकाळी ५:१५

पत्र. सुभेदारकाका समोर बसले, मी सांगत गेले, ज्युनिअर टाइप करत गेली. कमांडिंग ऑफिसरला, प्रती वरच्या मुख्यालयाला आणि कमांडच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेला. ईमेल आता, मूळ प्रत उद्या सकाळी स्पीड पोस्टनं.

मी रागाचा एक परिच्छेद घातला होता, काकांनी तो काढायला लावला. “सीओला शिकवायचं नाही. त्याला कागद द्यायचे.” त्यांचं बरोबर आहे. पत्रात शेवटी एवढंच राहिलं: बांबोळीचा केसपेपर जोडला आहे, जवानाला लष्करी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं, त्यांचा अहवाल येईपर्यंत खटला सुरू करू नये, त्याची कबुली घेऊ नये, शक्यतो कोर्ट मार्शलऐवजी वैद्यकीय मंडळ बसवावं आणि खटला चाललाच व तो बचावास असमर्थ दिसला तर कलम १४५ प्रमाणे नोंद करावी. नियम १२९ प्रमाणे आरोपीचा सहायक म्हणून थोरला भाऊ येत आहे. समरीत सहायकाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत, कोर्टापुढे बोलताही येत नाही, पण आरोपीच्या बाजूला बसून त्याला सल्ला देता येतो. भाऊ बाजूला बसला तर निदान ‘हां साब’च्या आधी कुणीतरी हात धरेल.

मानसोपचाराला पाठवताना सीओला एक फॉर्म भरावा लागतो, एएफएमएसएफ-१०. जवान कसा वागतो, काम कसं करतो, काय बदल दिसला, हे त्यात लिहायचं असतं. काकांनी त्याचा उल्लेख पत्रात घालायला लावला, म्हणजे पलीकडचा क्लार्क फॉर्म शोधायला लागेल.

खटल्याआधी वैद्यकीय अधिकारी आरोपीला तपासून खटल्यास योग्य असा दाखलाही देतो. तो अंगाचा जितका असतो तितका मनाचा असेलच असं नाही. फौजेचे मानसोपचारतज्ज्ञ चांगले असतात, पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा मुंबईचं अश्विनी बघितलेला कुणीही सांगेल. अडचण त्यांच्यापर्यंत पोचण्याची आहे.

संध्याकाळी ७:००

आईबापांची शेवटची एसटी गेली होती. काकांच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगितलं आणि तो येईपर्यंत बापाला समजावत बसले.

“म्हणजे १४५ लागला तर झील सुटलो?”

नाही. हेच सांगायला अवघड जातं. असमर्थ ठरणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. निष्कर्ष वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्यानं तो मान्य केला तर जवान कोठडीतच राहतो आणि प्रकरण केंद्र सरकारकडे जातं. सरकार त्याला मनोरुग्णालयात किंवा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं. बरा झाला की कलम १४६ प्रमाणे पुन्हा खटला. मनोरुग्णालयात असेल तर तिथल्या किमान दोन ‘व्हिजिटर’नी तो आता बचाव करू शकतो असं लिहून द्यायचं असतं. हे व्हिजिटर १९१२ च्या कायद्यातून आले, १९८७ च्या कायद्यातही होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ते राहिले नाहीत, त्यांच्या जागी पुनर्विलोकन मंडळं आली. आर्मी ॲक्ट मात्र जुन्याच माणसांची सही मागत उभा आहे. संसदेनं हे कलम उघडून पाहायला हवं, इतकं सरळ आहे ते.

आणि किती दिवस ठेवायचं, याला कलमात मर्यादा नाही. मुलकी बाजूला याचं काय होतं ते आसामच्या माचांग लालुंगनं देशाला दाखवलं. १९५१ मध्ये पकडलेला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलेला, १९६७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बरा झाल्याचं कळवलं तरी सुटला २००५ मध्ये. ५४ वर्षं. त्याचा खटला कधी चाललाच नाही. त्याच्यामागे विचारायला कुणी नव्हतं.

हे ऐकून बाप गप्प झाला. पण मी ते त्याला घाबरवायला सांगितलं नव्हतं. आर्मी ॲक्टमध्ये कलम १४९ आहे. नातेवाइकानं किंवा मित्रानं अर्ज केला, नीट सांभाळू, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, सांगाल तेव्हा हजर करू, अशी हमी दिली, तर केंद्र सरकार अशा माणसाला घरच्यांच्या ताब्यात देऊ शकतं. हे कलम घरच्यांना कुणी आपण होऊन सांगत नाही. अर्जाचा मसुदा मी आजच फाइलला लावून ठेवला.

मला स्वतःला १४५ पेक्षा वेगळा रस्ता बरा वाटतो आणि तोही पत्रात आहे: कोर्ट मार्शलच नको, वैद्यकीय मंडळ बसवा. तिथे तो सेवेस अयोग्य ठरला तर आजारपणामुळे सेवामुक्त होईल आणि अपंगत्व पेन्शनचा दावा उभा राहील. भरती होताना तो धडधाकट होता अशी नोंद असेल, तर आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलंय. त्याच वर्षी वीर पाल सिंग प्रकरणात, स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या जवानासाठी, न्यायालयानं पुन्हा वैद्यकीय मंडळ बसवायला लावलं. उलट समरीत बडतर्फ झाला तर सहसा पेन्शन जाते. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे वर्षं घालवायची. फरक एका ‘हां साब’चा.

रात्री ८:३०

ईमेल गेल्याची पोच आली. थोरल्याला मोबाइलमध्ये कॉलची नोंद सापडली, रजा संपायच्या दोन दिवस आधीची. तो रात्रीच्या गाडीनं निघतोय. मी त्याला एकच सांगितलंय: खटल्याच्या खोलीत भावाला आधी त्याचं नाव विचारायला लावा, मग गुन्हा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी फौजी रजेवर आला असेल आणि तो रात्री जागत असेल, एकट्याशीच बोलत असेल, तर देवाला जरूर गाऱ्हाणं घाला, पण त्याच दिवशी डॉक्टरचा तारखेचा कागद करा आणि युनिटला लेखी कळवा. शक्य असेल तर त्याला सरळ लष्करी रुग्णालयातच न्या. आमच्याकडून दक्षिणेला वास्कोत नौदलाचं जीवंती आहे, घाटावर बेळगावला मिलिटरी हॉस्पिटल आहे. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावला तीनेक तास लागतात. रजेचा शेवटचा दिवस उजाडायच्या आत निघा.